एक रात्र आधी पक्की करा, मग बाकीचे दिवस

पुण्याहून एका ताईंनी विचारलं आहे. घरची चार माणसं, त्यांत सत्तरी ओलांडलेल्या आई आणि तबला शिकणारी बारा वर्षांची लेक. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस बेळगावला यायचं, शहर बघायचं, पण मुख्य ओढ गाण्याची आणि उत्सवांची. कधी यावं, कुठं उतरावं, काय चुकवू नये, हे त्यांना हवं आहे.

मी बेळगावातच वाढलो आणि गेली सव्वीस वर्षं इथल्या संगीत सभांचं काम करतो. सतरंज्या घालणं, तानपुरे आणणं, कलाकाराला स्टेशनवरून घेऊन येणं, सगळं केलं आहे. बाहेरगावचे श्रोते दरवर्षी फोन करतात. त्यांना तोंडी सांगतो तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

ताई, बैठकीच्या गाण्याचा आमचा हंगाम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत. उन्हाळ्यात सभागृहात रोज संध्याकाळी काहीतरी असेल अशा हिशेबानं आलात तर हिरमोड होईल. कारणं साधी आहेत. वैशाख म्हणजे लग्नसराई. ज्या कार्यालयांत थंडीत आम्ही बैठका घालतो, तीच कार्यालयं एप्रिल-मेमध्ये मुहूर्तांना गेलेली असतात. मोठे कलाकार या दिवसांत बऱ्याचदा परदेश दौऱ्यावर असतात. आणि दुपारभर तापलेल्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेसहाला माणसं बसवणं श्रोत्यांनाही नको वाटतं.

मात्र याच दिवसांत गाणं-वाजवणं उघड्यावर येतं. जत्रा, मिरवणुका, देवळातली भजनं, गावच्या यात्रेतली नाटकं, लेझीम, झांजपथकं. हे ऐकायला आलात तर चार दिवस पुरणार नाहीत. म्हणून माझा सल्ला एकच. ज्या रात्रीसाठी यायचं ती एक रात्र आधी ठरवा. गाडीचं तिकीट, खोली, बाकीची भटकंती हे सगळं त्या रात्रीभोवती बसवा. सुट्टी आधी आणि उत्सव मागून, असं केलेल्या बऱ्याच जणांना मी मोकळे रस्ते बघून परतताना पाहिलं आहे.

ही रात्र इंग्रजी तारखेनं सापडत नाही, पंचांग काढावं लागतं. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते. महाराष्ट्र शासनाची १९ फेब्रुवारीची जयंती वेगळी. आमच्याकडं जुनी तिथी टिकली आहे आणि ती टिकवण्याचा इथल्या माणसांना अभिमान आहे. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया, म्हणजेच बसव जयंती. मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत सण, असे हे लागोपाठचे दिवस. आता तारखा बघा. अक्षय्य तृतीया २०२४ ला १० मे रोजी होती, २०२५ ला ३० एप्रिल, २०२६ ला १९ एप्रिल. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं २०२७ ला ती पुन्हा मे महिन्यात जाते.

याचा शाळकरी मुलांच्या घरी थेट परिणाम होतो. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा पुन्हा भरतात. महाराष्ट्रात मात्र एप्रिलभर परीक्षांची गडबड. म्हणजे तिथी एप्रिलात आली की बेळगावची पोरं रस्त्यावर लेझीम खेळत असतात आणि तुमची लेक पेपर लिहीत असते. अशा वर्षी चार दिवसांचा हट्ट सोडा आणि शनिवार-रविवार जोडून दोनच रात्री या. तिथी मेमध्ये असेल त्या वर्षी निवांत चार दिवस काढा.

जयंतीच्या दिवशी शहापूरच्या शिवाजी उद्यानात पूजा होते. पोरं गडांवरून शिवज्योत पळवत आणतात. पहाटे कुठल्याही वेशीवर उभे राहिलात तरी घामानं निथळणारी, अनवाणी धावणारी टोळी दिसते. पण तुम्हाला हवी ती रात्र ही नव्हे. चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर एक-दोन दिवसांनी निघते, आणि तिचा दिवस शिवजयंती मंडळांच्या महामंडळाची बैठक होऊन जाहीर होतो. निवडणूक असली, दुसऱ्या कुठल्या सणाशी गाठ पडली की तो पुढं-मागं होतो. म्हणून येतानाचं तिकीट द्वितीयेच्या आदल्या दिवशीचं काढा आणि परतीचं किमान चार दिवसांनंतरचं ठेवा. त्यात मिरवणूक सापडते.

मिरवणूक नरगुंदकर भावे चौकातून सुरू होते. संध्याकाळी पालखीची पूजा होते, आणि तेवढं बघून "झालं" म्हणून लोक खोलीवर जातात, ही मोठी चूक. खरी मिरवणूक रात्री दहानंतर भरते आणि शेवटचे रथ सकाळ उजाडल्यावर पुढं सरकतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गल्लीच्या मंडळानं उभा केलेला सजीव देखावा असतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मावळ्याच्या वेशात हात उगारून उभा असतो, पापणी हलवत नाही, कपाळावरचं गंध घामानं ओघळून भुवईपर्यंत आलेलं. चौक आला की ट्रॅक्टर थांबतो, कर्ण्यातून संवाद सुरू होतात आणि दगड झालेली ती पोरं एकदम जिवंत होतात. चार-पाच मिनिटांचा प्रवेश. मग पुन्हा सगळे स्तब्ध, ट्रॅक्टर पुढं. महिनाभर रात्री गल्लीत तालमी चाललेल्या असतात. मला या मिरवणुकीत सर्वांत जास्त काय आवडत असेल तर तो थांबण्याचा क्षण.

लेकीला झांजपथकाजवळ उभं करा. डीजेच्या भिंतीपासून मात्र लांब राहा, आईंच्या कानांसाठी आणि तुमच्याही. झांजपथकात ढोलाचा ठेका आणि झांजेची दुगण, म्हणजे दुप्पट लय, यांचं नातं नुसत्या कानांनी समजतं. वर्गात महिनाभर समजावून जे हाती लागत नाही ते तिथं पाच मिनिटांत लागतं. तिला हातावर टाळी धरायला सांगा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं येते ते शोधू द्या.

आईंना उभं राहणं जमणार नाही. रामदेव गल्ली, खडेबाजार या भागांत जुन्या दुकानांच्या पायऱ्या आणि घरांचे ओटे उंच आहेत. रात्री नऊच्या आधी जाऊन "जरा बसू का?" असं विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही, उलट आतून खुर्ची येते, पाण्याचा तांब्या येतो. बारा-साडेबारापर्यंत बसा, मग आईंना खोलीवर सोडून पुन्हा या. हे जमायचं असेल तर खोली चालत जाण्याच्या अंतरावर, पण मिरवणुकीच्या वाटेवर नसलेली हवी. त्या रात्री जुन्या शहरातले रस्ते वाहनांना बंद असतात, रिक्षा आत येत नाहीत. टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटच्या अलीकडं-पलीकडं, किंवा स्टेशनजवळ कॅम्पच्या बाजूला खोली बघा. गणपत गल्लीच्या आसपासची खोली बाजाराला सोयीची, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागणार नाही. लग्नसराईमुळं खोल्या महिनाभर आधी भरतात. पंचांग बघितलंत की लगेच खोली धरा.

आता सौंदत्ती. ताईंनी यल्लम्माच्या जत्रेचंही विचारलं आहे. रेणुका-यल्लम्माचा डोंगर बेळगावपासून साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटर, आमच्याच जिल्ह्यात. उन्हाळ्यातली मोठी जत्रा चैत्र पौर्णिमेला, दवण्याच्या पुनवेला. चैत्र पौर्णिमा आणि वैशाख द्वितीया यांच्यात जवळपास सतरा दिवसांचं अंतर पडतं, त्यामुळं चार दिवसांत दोन्ही बसत नाहीत. एक निवडावं लागतं. तुमच्या घरची माणसं बघता मी शिवजयंती निवडीन. पुनवेच्या दिवशी डोंगरावर कोल्हापूर-सांगलीपासूनची गर्दी, ऊन, पाण्याची ओढाताण. सत्तरीच्या बाईंना तिथं नेऊ नये. तरीही कुणाला लोकसंगीतासाठीच जायचं असेल तर पुनवेच्या दोन-तीन दिवस आधी, पहाटे निघून जावं आणि दहाच्या आत दर्शन उरकावं.

तिथं ऐकायचं ते चौंडकं. पोकळ नळकांड्यासारखं वाद्य, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली तार. वाजवणारी ते काखेत दाबून धरते, एका हातानं तार ताणते आणि दुसऱ्यानं छेडते. ताण बदलला की सूर वर चढतो, खाली घसरतो. जवळून ऐकलं तर ते वाद्य बोलतं आहे असंच वाटतं. त्याच्या जोडीला तुणतुणं, आणि मागून "उदं गं आई उदं". भंडाऱ्यानं माणसं, दगड, पायऱ्या सगळं पिवळं झालेलं असतं. एक विनंती आहे. जोगतिणींचे, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या बायकांचे, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुली देवाला सोडण्याच्या प्रथेला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण त्या प्रथेतून आलेल्या अनेक बायका आजही याच गाण्यावर पोट भरतात. ऐकलंत तर समोर बसून ऐका आणि उठताना हातावर पैसे ठेवा.

सौंदत्तीच्या बाजूला गेलातच तर मलप्रभेच्या काठचं गुर्लहोसूर लक्षात ठेवा. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये तिथं जन्मले. १८८० मध्ये पुण्यात त्यांचं शाकुंतल हे संगीत नाटक उभं राहिलं, त्याची मुळं या कन्नड-मराठी मातीत आहेत. गोकाक, बैलहोंगलच्या पट्ट्यात आजही यात्रांमध्ये श्रीकृष्ण पारिजात हे गाण्यांचं लोकनाट्य रात्रभर चालतं. गोकाकच्या बाजूच्या कुळगोडच्या तम्मण्णांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. भाषा कन्नड, पण पेटी आणि तबल्यावरची पदं ऐकताना नाट्यसंगीत ऐकणाऱ्या कानाला ओळख पटते.

गावच्या यात्रांची गोष्ट निराळी. बेळगावभोवतालच्या गावांत महालक्ष्मीच्या यात्रा काही वर्षांच्या अंतरानं भरतात, कुठं पाच वर्षांनी, कुठं त्याहून उशिरा, आणि त्या बहुतेक उन्हाळ्यातच. यंदा कुणाची पाळी हे शहरातला कुठलाही भाजीवाला सांगेल. येळ्ळूरला यात्रेत कुस्तीचं मोठं मैदान भरतं, हलगीच्या तालावर. रात्री गावातली पोरं मराठी नाटक करतात. कधी पडदा अडकतो, कधी माईक शिट्टी मारतो, पण समोर सगळा गाव बसलेला असतो आणि तो ऐकत असतो. असं कार्यक्रमांचं वर्तमान मिळवायचं तर निघण्याच्या आठवडाभर आधीपासून 'तरुण भारत'च्या बेळगाव आवृत्तीचं स्थानिक पान रोज बघा. मोबाईलवरच्या मोठ्या यादीत आमच्या गल्लीतलं भजन कधी येत नाही.

बैठकीचं गाणं अगदीच नाही असं नाही. कोनवाळ गल्लीतलं लोकमान्य रंगमंदिर, खानापूर रोडवरचं मराठा मंदिर, नेहरूनगरातलं कुमार गंधर्व कलामंदिर ही ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवा. मे महिन्यात तिथं बहुतेक शिबिरांचे समारोप आणि मुलांची नाटकं असतात. लेकीसाठी हे मोठ्या मैफलीपेक्षा उपयोगाचं आहे. तिच्या वयाची मुलं काय वाजवतात ते ती बघेल. त्याहून चांगलं म्हणजे इथल्या एखाद्या पेटी-तबल्याच्या वर्गाला आधी फोन करून सकाळी तासभर बसायची परवानगी मागा. हे हार्मोनियमचं गाव आहे. पंडित रामभाऊ विजापुरे यांनी इथं आयुष्यभर पेटी शिकवली, २०१० मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले, आणि त्यांच्या शिष्यांचे शिष्य आज गल्लोगल्ली शिकवताहेत. नगमा, म्हणजे तालाच्या आवर्तनाची तीच ती धून, धरून ठेवणारी पेटी शेजारी असली की तबल्याच्या विद्यार्थ्याचा हात कसा मोकळा होतो, हे तिथं कळतं.

उघड्यावरच्या कार्यक्रमाला जाण्याआधी संयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा: वळीव आला तर कुठं? उन्हाळ्यात दुपारी पारा छत्तीस-सदतीसच्या पुढं गेला की पाचच्या सुमारास वारा सुटतो आणि अर्ध्या तासात आभाळ कोसळतं. काही वर्षांपूर्वी शहापुरातल्या एका देवळाच्या आवारात आम्ही मे महिन्यात गाणं ठेवलं होतं. सहाला ताडपत्री फडफडायला लागली, सव्वासहाला लाईट गेली, आणि साडेसहाला साठ-सत्तर माणसं, दोन तानपुरे, तबला, पेटी सगळं आम्ही सभामंडपात हलवलं. माईक नाही, दोन समया आणि एक कंदील. दमट हवेनं तबल्याची पुडी सैल पडत होती. तबलजी दर बंदिशीनंतर हातोडी घेऊन गट्टे ठोकत होते, तानपुऱ्याच्या तारा पुन्हा पुन्हा मिळवाव्या लागत होत्या. गायक न बोलता थांबत, डोळे मिटून सूर लागेपर्यंत वाट बघत, आणि बाहेर पाऊस इतका की पुढच्या दोन रांगांनाच शब्द ऐकू येत होते. माणसं सरकत सरकत पुढं आली, शेवटी गुडघ्याला गुडघा लागला. कुणी उठलं नाही. तेव्हापासून पावसासाठी आडोसा ठरल्याशिवाय मी उन्हाळ्यात तारीख देत नाही. तुम्हीही छत्री, आईंसाठी पातळ शाल आणि एक बॅटरी जवळ ठेवा. पावसानंतर हवा एकदम गार होते.

दिवसाच्या भटकंतीचं थोडक्यात. अकरा ते चार बाहेर पडू नका. सकाळी किल्ल्यातली कमल बस्ती बघा, १२०४ मधलं, रट्ट राजांच्या काळातलं जैन मंदिर, आत गारवा असतो. मग कपिलेश्वराचं देऊळ. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध आहे. १९२४ च्या अधिवेशनात गांधीजी इथं अध्यक्ष होते आणि स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या, पुढं मोठ्या गायिका झालेल्या. लेकीच्याच वयाच्या, म्हणून तिला तिथं उभं करून हे सांगा. कुंदा ही इथली दुधाची मिठाई घ्या, मांडे मिळाले तर घ्या, खानापूर-चंदगडकडून आलेली करवंदं आणि काजूची बोंडं रस्त्याकडेला मिळतात ती चाखा.

एक दिवस हाताशी राहिला तर धारवाड-हुबळी करा. धारवाड ऐंशी किलोमीटरच्या आतच आहे. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं 'मृत्युंजय' हे घर आणि हुबळीच्या देशपांडेनगरातलं गंगूबाईंचं 'गंगालहरी' दोन्ही स्मारकं म्हणून जपली आहेत. आधी चौकशी करून जा. गदग या खेपेला सोडा. पुट्टराज गवयांच्या वीरेश्वर पुण्याश्रमात, म्हणजे तिथल्या संगीताच्या आश्रमात, घाईघाईनं डोकावून येण्यात अर्थ नाही, तिथं एक पूर्ण दिवस द्यायला हवा.

येण्या-जाण्याला रेल्वेच धरा. सीमाभागात वातावरण तापलं की कधी एखाद-दोन दिवस दोन्ही राज्यांच्या बस थांबतात. गाडी मात्र चालू असते. शहरात मराठीवर सगळं भागतं. सौंदत्तीकडं बसच्या पाट्या फक्त कन्नडमध्ये दिसतील, तेव्हा कंडक्टरलाच गावाचं नाव सांगा, तो हाताला धरून उतरवतो. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

परतीच्या वाटेवर दिवसाची गाडी घ्या आणि लेकीला खिडकीशी बसवा. बेळगाव सोडून मिरजेकडं निघालं की थोड्याच वेळात सुळेभावी स्टेशन लागतं. ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, या गावात जन्मले. त्यानंतर मिरजेला उतरा आणि पुण्याची पुढची गाडी चार-पाच तासांनी ठेवा. तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत जा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे माळ्यावर वाळत टांगलेले असतात, लाकडाचा भुसा पायाखाली येतो. एखाद्या कारागिराला तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजन, लावताना बघायला मिळालं तर शांत बसा. तो घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतो, तार छेडतो, मुकी वाटते. दोरा केसभर पुढं ढकलतो, पुन्हा छेडतो. चौथ्या-पाचव्या वेळी तार एकदम उघडते आणि सगळी खोली भरून जाते.